शब्दयादीतून ॲनाग्राम: कोड तीन ओळींचा, पण किल्ली कशाची?

निर्देशांक:
एका ओळीत एक शब्द अशी मराठी शब्दांची यादी आहे, सुमारे दोन लाख शब्दांची. तिच्यातून ॲनाग्रामचे, म्हणजे तीच अक्षरं क्रम बदलून होणाऱ्या शब्दांचे, गट काढायचे आहेत. फंक्शनल पद्धतीने, म्हणजे छोटी फंक्शनं एकापुढे एक जोडून, मांडणी सोपी आहे. (कोड मुद्दाम देवनागरीत आणि कुठल्याही एका भाषेला न बांधता लिहितोय.)

    यादी
      |> मॅप (श → (किल्ली श, श))
      |> किल्लीनुसार_गट
      |> फिल्टर (गट → लांबी गट > १)

किल्ली म्हणजे शब्दाची कॅरॅक्टर्स क्रमाने लावून मिळणारी स्ट्रिंग. दोन शब्दांची किल्ली एकच आली की ते ॲनाग्राम. इंग्रजी यादीवर हे बिनचूक चालतं. मराठी यादीवर मात्र हे तीन शब्द एकाच गटात येतात:

    पालक, कपाल, कलाप

पहिले दोन मान्य. पण 'कलाप'मध्ये 'पा' कुठे आहे? तसंच लता, ताल, लात एकत्र येतात आणि रक्त, तर्क हेही. किल्ली कशी बदलावी?

दुसरी अडचण अशी की हॅस्केल या फंक्शनल भाषेचं ग्रुपबाय वापरलं तर गट अर्धवट येतात. एकच किल्ली दोन-तीन वेगवेगळ्या गटांत दिसते.

---

कंसातला:
आधी दुसरी अडचण, कारण ती लगेच सुटते. हॅस्केलचं ग्रुपबाय फक्त शेजारच्या घटकांचा गट करतं. पायथनच्या इटरटूल्समधलं ग्रुपबायही तसंच. आधी किल्लीनुसार क्रम लावला नाही तर एकाच किल्लीचे शब्द यादीत जितक्या ठिकाणी विखुरलेले, तितके गट पडणार. क्लोजरचं ग्रुप-बाय, स्कालाचं ग्रुपबाय, इलिक्सिरचं ग्रुप_बाय ही सगळी आतून मॅप, म्हणजे किल्ली आणि तिची किंमत यांचा कोश, बांधतात, त्यामुळे तिथे ही भानगड नाही. नाव एक, काम वेगळं.

हॅस्केलमध्ये दोन मार्ग आहेत. एक, क्रम लावून मग ग्रुपबाय. त्यात सॉर्टबाय आणि कंपेअरिंग वापरू नका, सॉर्टऑन वापरा. सॉर्टबाय प्रत्येक तुलनेला दोन्ही बाजूंची किल्ली नव्याने काढतं. दोन लाख शब्दांना साधारण ३५ लाख तुलना लागतात, म्हणजे ७० लाखांच्या घरात किल्ल्या काढल्या जातात. सॉर्टऑन प्रत्येक शब्दाची किल्ली एकदाच काढून सोबत ठेवतं, दोन लाखांत काम होतं. पुढे किल्लीत युनिकोडची साफसफाई आली की हा फरक फार जाणवतो.

दुसरा मार्ग, आणि माझ्या मते चांगला, थेट मॅप बांधण्याचा:

    गट यादी = फ्रॉमलिस्टविथ (++) [ (किल्ली श, [श]) | श <- यादी ]

फ्रॉमलिस्टविथ तुमच्या फंक्शनला नवी किंमत पहिली आणि जुनी दुसरी देतं. त्यामुळे एकाच शब्दाची यादी जुन्या यादीच्या पुढे चिकटते, आणि ते काम ठरावीक वेळात होतं. गटातले शब्द उलट क्रमाने आलेले पाहून काही जण (++) उलटं फिरवतात. मग प्रत्येक वेळी जुनी यादी पूर्ण चालावी लागते आणि मोठ्या गटाला वर्गाच्या पटीत वेळ लागतो. क्रम हवाच असेल तर शेवटी एकदाच रिव्हर्स करा. मॅपचं स्ट्रिक्ट मॉड्यूल घ्या, नाहीतर न मोजलेल्या जोडण्यांचा ढीग मेमरीत साचतो.

---

दशमान:
किल्लीच्या प्रकाराबद्दल एक भर, कारण वेगवेगळ्या भाषांत लोक इथेच अडखळतात.

पायथनमध्ये सॉर्टेड लिस्ट देतं आणि लिस्ट डिक्शनरीची किल्ली होऊ शकत नाही, लगेच एरर येतो. टपल करा किंवा जोडून स्ट्रिंग करा. जावामध्ये गोष्ट जास्त घातक आहे, कारण एरर येतच नाही. कॅरॅक्टर ॲरेचा क्रम लावून तोच ॲरे ग्रुपिंगबायला किल्ली म्हणून दिला, तर ॲरेची समानता मजकुरावर नाही, ओळखीवर ठरते. प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र गट पडतो, फिल्टरनंतर हातात रिकामी यादी, आणि वाटतं की यादीत ॲनाग्रामच नाहीत. ॲरेची पुन्हा स्ट्रिंग करा.

जावास्क्रिप्टचं सॉर्ट मूळ ॲरेच बदलतं. शब्दाचे तुकडे नुकतेच पाडलेले असतील तर बिघडत नाही, पण तोच ॲरे पुढे दुसरीकडे वापरात असेल तर फंक्शन शुद्ध (त्याच इनपुटला तेच उत्तर देणारं, बाहेरचं काही न बदलणारं) राहिलं नाही. २०२३ च्या आवृत्तीपासून टूसॉर्टेड आहे, ते नवा ॲरे देतं. २०२४ पासून ऑब्जेक्ट.ग्रुपबायही आलं आहे.

---

अनुस्वार:
आता किल्ली. निर्देशांक, तुमच्या तिन्ही उदाहरणांचं मूळ एकच आहे. युनिकोडच्या लेखी 'पालक' म्हणजे प, ा, ल, क असे चार कोडपॉइंट, म्हणजे स्वतंत्र क्रमांक असलेली चार सुटी चिन्हं. काना हा स्वतंत्र घटक आहे. क्रम लावताना तो 'प'पासून सुटतो आणि तो 'पा'तला होता की 'ला'तला, ही माहिती तिथेच हरवते. 'रक्त' आणि 'तर्क' यांत हलन्त चिन्ह तसंच सुटतं: दोन्हींत र, क, त आणि एक हलन्त.

उपाय असा की कोडपॉइंटचा क्रम न लावता आधी शब्दाची अक्षरं पाडायची आणि अक्षरांचा क्रम लावायचा. एका फोल्डमध्ये, म्हणजे एकेक घटक घेत उत्तर बांधत नेऊन, होतं:

    अक्षरे शब्द = फोल्ड पायरी [] (कोडपॉइंट शब्द)

    पायरी [] क = [क]
    पायरी (चालू : मागची) क
      | चिन्ह क                          = (चालू + क) : मागची
      | व्यंजन क आणि हलन्ती_शेवट चालू   = (चालू + क) : मागची
      | नाहीतर                           = क : चालू : मागची

फोल्ड डावीकडून. 'चिन्ह'मध्ये मात्रा, हलन्त, नुक्ता, अनुस्वार, चंद्रबिंदू आणि विसर्ग. 'रक्त' असा चालतो (यादी वाचायला सोयीची म्हणून सुलट लिहितो):

    र   → [र]
    क   → [र, क]       मागे हलन्त नाही, नवं अक्षर
    ्   → [र, क्]      चिन्ह, चालू अक्षराला चिकटलं
    त   → [र, क्त]     व्यंजन, आणि चालू अक्षर हलन्ती

'तर्क'चं [त, र्क] होतं. किल्ल्या वेगळ्या, गट वेगळे. फोल्डमधून यादी उलटी येते, पण ती सुलट करायची गरज नाही, पुढे क्रम लावायचाच आहे. या छोट्या फंक्शनमधली ही गोष्ट मला फार आवडते.

---

कंसातला:
सुंदर. एक खाच मात्र आहे: क्रम लावलेली अक्षरं पुन्हा न विभागता एका स्ट्रिंगमध्ये जोडू नका. 'सत्' घ्या. अक्षरं [स, त्], क्रम लावला की [त्, स], आणि जोडलं की 'त्स'. म्हणजे दोन अक्षरांच्या शब्दाची किल्ली एका जोडाक्षरासारखी दिसू लागली. हलन्त शब्द यादीत असतील तर यातून खोटे गट पडतात. अक्षरांची यादी हीच किल्ली ठेवा, नाहीतर मध्ये शब्दात कधीच न येणारा विभाजक घाला, उदाहरणार्थ उभी रेघ.

---

मॅपभर:
एवढं हाताने कशाला करायचं? इलिक्सिरमध्ये स्ट्रिंग.ग्राफीम्स आहे, जावास्क्रिप्टमध्ये इंटल.सेगमेंटर आहे. तयार फंक्शन आहे तर ते वापरावं.

---

अनुस्वार:
@मॅपभर, वापरता येईल, पण आपल्या लिप्यांसाठी तिथे एक पाणी मुरतं. ग्राफीम, म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटणारा तुकडा, कुठे तुटतो याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये, म्हणजे २०२३ मध्ये, बदलला. त्याआधी हलन्तानंतर तुकडा पडत असे: 'रक्त'चे र, क्, त असे तीन ग्राफीम. नव्या नियमाने देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतली जोडाक्षरं एकत्र राहतात, म्हणून र आणि क्त असे दोनच. तुमच्या रनटाइममध्ये युनिकोडची कोणती आवृत्ती आहे त्यावर उत्तर ठरतं. कोड एक, यादी एक, पण दोन मशीनवर गट वेगळे. शुद्ध फंक्शनकडून आपण नेमकं हेच होऊ नये अशी अपेक्षा ठेवतो.

लायब्ररी वापरायची असेल तर 'रक्त'चे दोन तुकडे पडतात का, एवढी एक टेस्ट लिहून ठेवा. बारा ओळींचा स्वतःचा फोल्ड मला जास्त भरवशाचा वाटतो.

---

निर्देशांक:
फोल्ड बसवला. पालक–कपाल एकत्र, कलाप बाहेर. लता–ताल एकत्र, लात बाहेर. पण आता उलटी तक्रार: काही खरे जोड गळतात. डोळ्यांना अक्षरं सारखीच दिसतात आणि किल्ल्या मात्र वेगळ्या येतात.

---

अनुस्वार:
दिसायला एक आणि कोडपॉइंट वेगळे, असा प्रकार आहे. म्हणून अक्षरं पाडण्याआधी 'शुद्ध' नावाचं एक फंक्शन हवं. आधी युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण चालवा, ते समतुल्य मानलेल्या रचना एकाच रूपात आणतं. पण तिथेच थांबू नका, मराठीतल्या बऱ्याच गोष्टी एनएफसीच्या कक्षेतच येत नाहीत:

'ॲ' हा यू+०९७२ हा एकच कोडपॉइंट असू शकतो, किंवा 'अ' आणि वर अर्धचंद्र असे दोन. दोन्ही सारखे दिसतात, पण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही, म्हणून एनएफसी हात लावत नाही. जुन्या मजकुरात त्याच जागी 'ऍ'ही सापडतो. 'ऑ'ची तीच कथा. 'ो' ही एक मात्रा, की काना आणि वर एक मात्रा असं वेगवेगळं टाइप केलेलं? तेही एनएफसी जुळवत नाही. मात्रेच्या आधी अनुस्वार टाइप झालेला असला तरी तो जागचा हलत नाही. कोडपॉइंटचा क्रम लावणारी तुमची जुनी किल्ली हा शेवटचा दोष आपोआप झाकत होती, अक्षरांची किल्ली झाकत नाही. यासाठी बदलाचं छोटं कोष्टक करा आणि तेही फोल्डनेच लावा.

आता सर्वांत नाजूक जागा: 'दर्या' आणि 'दऱ्या'. समुद्र आणि डोंगरांमधल्या जागा, दोन वेगळे शब्द. 'दऱ्या'तला र दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. एक, यू+०९३१ हा 'ऱ' आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झेडडब्ल्यूजे, म्हणजे डोळ्यांना न दिसणारं जोडणारं कॅरॅक्टर. 'अदृश्य कॅरॅक्टर्स काढून टाका' हा नियम आंधळेपणाने लावला, तर दुसऱ्या तऱ्हेचा 'दऱ्या' थेट 'दर्या' होऊन बसतो. म्हणून क्रम असा:

    शुद्ध = अदृश्य_काढ ∘ कोष्टक_लाव ∘ रफार_जुळव ∘ एनएफसी

उजवीकडून डावीकडे वाचा. रफार_जुळव हे 'र, हलन्त, झेडडब्ल्यूजे' याचं 'ऱ, हलन्त' करतं, आणि ते झाल्यावरच अदृश्य कॅरॅक्टर्स जातात. या दोघांची अदलाबदल करून चालणार नाही.

---

दशमान:
याच टप्प्यावर फाइलची घाणही काढा. विंडोजवर साठवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न राहतो. सगळ्या शब्दांना तो सारखाच असेल तर गट बरोबर पडतात, म्हणून दोष लपतो. फाइलच्या शेवटी ओळ पूर्ण केलेली नसेल तर फक्त शेवटचा शब्द आपल्या गटातून गळतो. फाइलच्या सुरुवातीला बीओएम (एन्कोडिंगची अदृश्य खूण) असेल तर पहिला शब्द गळतो. पहिला किंवा शेवटचा शब्दच गटात नाही असं दिसलं की थेट इथे बघा. रिकाम्या ओळी फिल्टर करा आणि शुद्ध केल्यावर सेटमध्ये घालून दुबार शब्द काढा, नाहीतर 'कमल, कमल' हाच ॲनाग्राम म्हणून मिरवतो. दुबार काढणं शुद्ध करण्याच्या नंतर, आधी नाही.

हॅस्केलमध्ये फाइल वाचताना हँडलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा. रीडफाइल सिस्टिमच्या लोकेलवर, म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगवर, विसंबतं, आणि लोकेल साधं 'सी' असेल तर पहिल्याच देवनागरी बाइटवर प्रोग्राम पडू शकतो. आणि स्ट्रिंगऐवजी टेक्स्ट घ्या. ६४ बिटांवर स्ट्रिंगमधल्या प्रत्येक कॅरॅक्टरच्या दुव्याला २४ बाइट लागतात. पहिली २५६ कॅरॅक्टर्स जीएचसी हा हॅस्केलचा कंपायलर सामायिक ठेवतो, देवनागरी त्यात बसत नाही, म्हणून वर आणखी १६. एकूण ४०. दोन लाख शब्द, सरासरी सहा कोडपॉइंट धरले तर सुमारे ४८ एमबी. टेक्स्टच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आत यूटीएफ-८ आहे, एका देवनागरी कोडपॉइंटला तीनच बाइट, वर प्रत्येक शब्दामागे थोडा ठरावीक खर्च.

---

मूळसंख्या:
क्रम लावण्याऐवजी प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या देऊन गुणाकार हीच किल्ली केली तर? गुणाकाराला क्रमाशी देणंघेणं नाही आणि अवयव एकाच तऱ्हेने पडतात, म्हणजे दोन वेगळ्या अक्षरसंचांना एक किल्ली येणार नाही. किल्ली म्हणजे फक्त एक आकडा.

---

कंसातला:
कल्पना बरोबर आहे, पण पूर्णांकाची मर्यादा आडवी येते. इंग्रजीच्या २६ अक्षरांना पहिल्या २६ मूळ संख्या दिल्या तर शेवटची १०१. चिन्हासहित ६४ बिटांत १०१ चा नववा घात बसतो, दहावा बसत नाही. ओव्हरफ्लो झाला की एकमेवपणाची हमी संपली, आणि बहुतेक भाषांत तो गुपचूप होतो. मराठीत तर का, कि, की, क्त, क्ष अशी सुटी अक्षरं धरली तर संख्या शेकड्यांनी वाढते, पाच-सहा अक्षरी शब्दही धोक्यात. मोठे पूर्णांक घेतले तर गती जाते. बेरीज किंवा एक्सॉर हे पर्याय तर नकोतच, त्यांत सर्रास टकरा होतात. शब्द पाच-सात अक्षरांचा, त्याचा क्रम लावायला कितीसा वेळ लागतो?

सगळे क्रमबदल काढून ते यादीत शोधण्याचा मार्गही कुणी सुचवू नये म्हणून आकडा देऊन ठेवतो: बारा वेगळ्या अक्षरांचे क्रमबदल ४७,९०,०१,६००.

---

मॅपभर:
यादीचे चार भाग करून समांतर चालवायचं असेल तर? चार मॅप तयार करून मोनॉइडने, म्हणजे मॅपच्या ठरलेल्या जोडणीने, जोडले, पण गट अपुरे येतायत.

---

कंसातला:
हॅस्केलच्या मॅपची मोनॉइड जोडणी डावीकडची किंमत ठेवते आणि उजवीकडची टाकून देते. एकच किल्ली दोन भागांत असली की दुसऱ्या भागातले शब्द गेले. टाइप जुळतात, त्यामुळे कंपायलर काहीच बोलत नाही. युनियन्सविथ वापरा आणि आत सेटची जोडणी द्या. सेटची जोडणी कुठल्याही क्रमाने केली तरी उत्तर एकच. यादी चिकटवलीत तर गटातला क्रम कोणता भाग आधी संपला त्यावर हलू शकतो.

---

शेपूट:
गट झाले की पुढचा खरा मजेचा भाग: एकाहून अधिक शब्दांचे ॲनाग्राम. अक्षरांची पिशवी दिली, ती पूर्ण रिकामी होईल असे शब्दसंच शोधायचे. शब्दांवर न शोधता किल्ल्यांवर शोधा, काम खूप कमी होतं.

    शोध पिशवी किल्ल्या
      | रिकामी पिशवी = [[]]
      | नाहीतर =
          [ कि : बाकी
          | (कि : पुढच्या) <- शेपट्या (फिल्टर (मावते पिशवी) किल्ल्या)
          , बाकी <- शोध (वजा पिशवी कि) (कि : पुढच्या) ]

पिशवी म्हणजे अक्षर आणि त्याची संख्या असा मॅप. समजा पिशवीत र, मा, ल, ता आहेत. किल्ल्यांवर शोधलं तर एक उत्तर असं: [मा, र] आणि [ता, ल]. पहिल्या किल्लीत रमा आणि मार, दुसरीत लता आणि ताल. विस्तार केला की २ × २ = ४ संच.

यातल्या चार जागा जपायच्या. रिकाम्या पिशवीचं उत्तर [[]] आहे, [] नव्हे. [] लिहिलं तर 'उत्तर नाही' असा अर्थ होतो आणि तो वरपर्यंत जाऊन सगळंच रिकामं येतं. हा बग सर्वांत जास्त वेळ खातो, कारण बाकी कोड अगदी बरोबर दिसतो. शेपट्या म्हणजे यादीचे प्रत्येक जागेपासून शेवटपर्यंतचे भाग, त्या घेतल्या नाहीत तर 'रमा लता' आणि 'लता रमा' दोन्ही येतात, आणि तीन शब्दांना तेच उत्तर सहा वेळा. पुढच्या हाकेला (कि : पुढच्या) द्यायचं, नुसतं 'पुढच्या' नाही, नाहीतर एकाच किल्लीचे दोन शब्द कधीच येणार नाहीत. आणि यादीत रिकामी ओळ राहून गेली असेल तर तिची रिकामी किल्ली कुठल्याही पिशवीत मावते, वजा केल्यावर पिशवी तशीच राहते, आणि शोध कधीच थांबत नाही.

फिल्टर प्रत्येक पायरीला पुन्हा लावला आहे तो हौसेने नाही. पिशवी जसजशी रिकामी होते तसतशी उमेदवार किल्ल्यांची यादी झपाट्याने आटते, सगळी गती तिथूनच येते. आळशी मूल्यमापन असेल तर पहिले दहा संच मागा, तेवढंच काम होईल.

---

निर्देशांक:
विस्तार करताना एका ठिकाणी दुबार येतंय. पिशवीत र, मा, र, मा असेल तर [रमा, मार] आणि [मार, रमा] दोन्ही मिळतात.

---

शेपूट:
हो, एकच किल्ली दोनदा आली की नुसता गुणाकार पुरत नाही. त्या किल्लीच्या गटातून पुनरावृत्तीसह निवडी घ्या, क्रमासहित जोड्या नकोत. दोन शब्दांच्या गटातून दोन जागांसाठी चार नव्हे, तीन निवडी: रमा–रमा, रमा–मार, मार–मार. संचाची लागोपाठच्या समान किल्ल्यांनुसार विभागणी करा. शेपट्यांमुळे समान किल्ल्या शेजारीच असतात, म्हणून इथे ते शेजाऱ्यांचं ग्रुपबाय अगदी चपखल बसतं.

---

मूळसंख्या:
आस आणि असा यांचं काय? उच्चारात आ, स, अ एवढेच वर्ण दोन्हीकडे आहेत. अक्षरांच्या किल्लीत ते जुळत नाहीत, आणि कोडपॉइंटच्या किल्लीतही नाही.

---

अनुस्वार:
ती तिसरी किल्ली, वर्णांची. मात्रेच्या जागी तिचा स्वर, मात्रा किंवा हलन्त नसलेल्या व्यंजनापुढे अ, आणि हलन्त गाळायचं. त्यात आस–असा जुळतात, पण राम–मार, कलाप–पालक, रक्त–तर्क हे सगळेही परत जुळतात. कोडपॉइंटच्या किल्लीत जे जुळतं ते सगळं वर्णांच्या किल्लीत जुळतंच, कारण व्यंजनं, मात्रा आणि हलन्त यांची संख्या सारखी असली की लपलेले अ सुद्धा तितकेच निघतात. अक्षरांची किल्ली सर्वांत कडक, वर्णांची सर्वांत सैल. शब्दखेळासाठी अक्षरांचीच घ्यावी असं माझं ठाम मत आहे, कारण वाचणारा डोळ्यांनी अक्षरं मोजतो. किल्ली हा गट-फंक्शनचा पॅरामीटर ठेवा, म्हणजे तिन्ही बदलून पाहता येतील:

    गट किल्ली यादी = ...

आणि अक्षरांच्या क्रमासाठी साधा कोडपॉइंटचा क्रम वापरा, लोकेलचा कोलेटर (भाषेच्या नियमाने क्रम लावणारा) नको. किल्लीला कुठलाही पक्का क्रम चालतो. कोलेटर मात्र त्याच्या सेटिंगनुसार दोन वेगळी अक्षरं समान ठरवू शकतो, मग त्यांचा आपसातला क्रम शब्दात ती कशी आली त्यावर राहतो आणि त्याच अक्षरांच्या दोन वेगळ्या किल्ल्या तयार होतात.

---

दशमान:
टेस्टसाठी क्विकचेकच्या (आपोआप बनवलेल्या नमुन्यांवर गुणधर्म तपासणाऱ्या हॅस्केल लायब्ररीच्या) धर्तीवर तीन गुणधर्म पुरेत. शुद्ध दोनदा लावलं तरी एकदा लावल्यासारखंच. सगळ्या गटांतल्या शब्दांची बेरीज दुबार काढलेल्या यादीच्या लांबीइतकी, आणि ही तपासणी फिल्टरच्या आधी. अक्षरं ढवळून जोडलेल्या शब्दाची किल्ली मूळ शब्दासारखीच. हा तिसरा गुणधर्म हलन्त शब्दांवर पडेल: [स, त्] ढवळून 'त्स' झालं की ते एकच अक्षर वाचलं जातं. तेव्हा जनरेटरमधून शेवटी हलन्त असलेली अक्षरं वगळा. सोबत दर्या–दऱ्या, रक्त–तर्क, पालक–कपाल–कलाप ही उदाहरणं हाताने लिहिलेली टेस्ट म्हणून कायम ठेवा.